माझ्या देवानं मला कधी ठेवून घेतलं नाही

“मॅडम, पोरगी आश्रमात चाललीय. तुम्ही तिला समजवा.”

आई अजून दारातच होत्या, चप्पल काढत होत्या, तेवढ्यात हे बोलून झालं. मागे वडील. मी समुपदेशक, वाशीला सेक्टर १७ मध्ये माझी बसायची खोली आहे. तिथल्या गादीच्या खुर्चीत ते काही बसेनात, दारालगतचं लाकडी स्टूल ओढून टेकले. एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पहाटेपासून टोळीबरोबर गोणी उतरवून तसेच इकडे आलेले. शर्टाच्या खांद्यावर कांद्याची सालं चिकटली होती. तासभर ते एकेक साल काढून मुठीत धरत राहिले, एकही खाली पडू दिलं नाही.

कॉलेज संपता संपता मूल म्हणतं, नोकरी नंतर, आधी वर्षभर सेवेला जाऊन येते. आणि घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. ही काळजी घेऊन बरेच आईवडील माझ्याकडे येतात. कुणाचा मुलगा मिशनच्या शाळेत शिकवायला निघालेला असतो, कुणाची मुलगी सिस्टर्सच्या वृद्धाश्रमात, कुणी इगतपुरीला विपश्यना केंद्रात धम्मसेवक म्हणून. धर्म वेगळा, संस्था वेगळी, आईवडिलांचा प्रश्न तोच: जाऊ द्यावं का, आणि परत येईल का? म्हणून या घराची गोष्ट लिहिते आहे, त्यांची परवानगी घेऊन आणि ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून. मुलीला आपण मुक्ता म्हणू.

कोपरखैरण्याला घर, मूळ गाव सातारा जिल्ह्यातलं. मुक्ता घरातली पहिली इंजिनिअर. साडेतीन लाखांचं शैक्षणिक कर्ज, ऐरोलीच्या एका आयटी कंपनीचं ऑफर लेटर हातात. आणि ही म्हणते, अरुणाचलमधल्या एका निवासी शाळेत वर्षभर गणित आणि विज्ञान शिकवायला जाते. शाळा चालवणारी संस्था विवेकानंदांना मानणारी. दुसऱ्या वर्षापासून ती त्यांच्या रविवारच्या अभ्यासवर्गाला जात होती. घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं, चांगलंच वाटत होतं. रविवारचं चांगलं वाटणारं वर्षभराचं झालं, तेव्हा भीती वाटायला लागली.

“एकदा तिकडं गेली की भगवं घालून बसंल,” आई म्हणाल्या. “लोक विचारतील, एवढं शिकवून काय केलंत?” वडील त्या दिवशी एकच वाक्य बोलले. “कर्जावर सही माझी हाय.”

मुलीला समजावण्याचं काम मी घेत नाही, तिचं ऐकून घेण्याचं घेते, असं मी त्यांना सांगितलं. आईंना ते फारसं पटलं नाही. तरी पुढच्या आठवड्यात त्यांनी मुक्ताला पाठवलं.

अशा मुलांना मी पहिला प्रश्न देवाबद्दल किंवा ध्येयाबद्दल विचारत नाही. सोमवारबद्दल विचारते. तिथे पोचल्यानंतरच्या पहिल्या सोमवारी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत तू काय करशील? ज्याला फक्त इथून सुटायचं असतं त्याच्याकडे या प्रश्नाचं उत्तर धुकट असतं: शांतता असेल, डोंगर असतील, चांगली माणसं असतील. मुक्ताला मात्र सगळं माहीत होतं. किती वाजता प्रार्थना, सातवीचे दोन वर्ग, मुलींच्या वसतिगृहाची संध्याकाळची जबाबदारी, पावसात लाइट जाते तेव्हा तास कसा घ्यायचा. तिथे जाऊन आलेल्या दोन मुलींना तिनं विचारून ठेवलं होतं. तिथली मुलं आपापसात हिंदी बोलतात हे तिला माहीत होतं, तिकडे जायला इनर लाइन परमिट नावाचा सरकारी परवाना काढावा लागतो हेही.

मग मी विचारलं, “परत कधी येणार?”

“एक वर्ष. मग बघू.”

हे ‘मग बघू’ मी वहीत लिहून ठेवलं. आईंची झोप उडवणारं हेच होतं. आश्रम, भगवं, लोक काय म्हणतील हे सगळं त्या दोन शब्दांवर उभं होतं.

आणखी थोडं बोलल्यावर ‘मग बघू’च्या मागचं बाहेर आलं. कराडचं एक स्थळ होतं, मामांनी आणलेलं. मुलगा बरा, घर बरं, नोकरी लागली की बोलणी पुढे न्यायची असं मोठ्यांमध्ये ठरत आलेलं. मुक्तानं नाही म्हटलेलं नव्हतं, हो म्हटलेलं नव्हतं. अरुणाचलला गेलं की ते आपोआप बारगळेल, असा तिचा हिशोब होता. हे सांगताना ती रडली आणि लगेच म्हणाली, “म्हणजे माझी सेवा खोटी का, मॅडम?”

खोटी नाही. सुरुवातीच्या वर्षांत मीही मुलांच्या मनात शुद्ध हेतू शोधायचे आणि तो सापडला नाही की त्यांना थांबवायचे. चूक होती ती. कुठल्याही मोठ्या निर्णयात ओढ आणि पळ दोन्ही असतात. शहरात नोकरीला येणारा माणूससुद्धा गावातल्या कशापासून तरी सुटून आलेला असतो. फक्त पळाचा भाग घरात उघडपणे बोलला गेला पाहिजे. तसं झालं नाही तर वर्षानंतर मूल परत येतं तेव्हा तेच स्थळ दारात उभं असतं, आणि मग परत न येण्याला कारण मिळतं. मुक्ताला मी एवढंच म्हणाले: स्थळाबद्दल आईशी आधी बोल, अरुणाचलबद्दल त्यानंतर. चार दिवस लागले तिला. पण बोलली.

प्रत्येक वेळी गोष्ट अशी नसते, तेही सांगायला हवं. एका मुलाला घरचे घेऊन आले होते, त्यालाही आश्रमात जायचं होतं. महिनाभर तो नीट झोपला नव्हता, जेवण तुटलं होतं, स्वतःचा लॅपटॉप आणि गिटार मित्रांना देऊन टाकली होती. त्याच्या तोंडी वैराग्याची भाषा होती, पण मला त्यात आजार दिसत होता. त्याला त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. घरात असं काही दिसत असेल तर जावं की न जावं हा वाद बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. काहीच सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

मुक्ताच्या घराकडे परत येते. तिसऱ्या भेटीला तिघं एकत्र आले. आईंना संन्यासाची भीती होती म्हणून त्यातली वस्तुस्थिती आधी सांगितली. विवेकानंदांनी १८९७ मध्ये काढलेलं रामकृष्ण मिशन घ्या. तिथे साधू व्हायचं म्हटलं तरी संन्यासाच्या आधी कित्येक वर्षं उमेदवारी आणि ब्रह्मचर्य पाळावं लागतं. स्त्रियांसाठी तर १९५४ मध्ये वेगळा शारदा मठ निघाला, तिथेही रीत तशीच. वर्षभर शिकवायला गेलेल्या मुलीला कुणी भगवं नेसवत नाही.

आईंना हे पटलं असावं, पण भीती गेली नव्हती. मग मी त्यांना भुवनेश्वरीदेवींबद्दल सांगितलं, विवेकानंदांच्या आईबद्दल. घर सोडलेल्या या मुलाला आईची काळजी शेवटपर्यंत होती. विवेकानंदांचे शिष्य, खेतडीचे राजे अजितसिंह त्यांच्या घरी महिन्याला १०० रुपये पाठवत. आईची तीर्थयात्रेची इच्छा होती, तर १९०१ मध्ये तब्येत ढासळलेली असताना विवेकानंद तिला घेऊन पूर्व बंगालात गेले. पुढच्याच वर्षी ते गेले, आई त्यांच्यामागे नऊ वर्षं जगली.

आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्हंजे त्यांची आई पण रडली असंल.”

“रडली असणारच,” मी म्हणाले. याच्यावर आणखी बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. मुक्तानं आईचा हात धरला.

आणि मग आप्पा बोलले. मुक्ता वडिलांना आप्पा म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, हे मी पहिल्या दिवशीच पाहिलं होतं, पण तिचा या प्रश्नाशी संबंध असेल हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ते म्हणाले, “मी तीस वर्षं वारी करतो. माऊलींच्या पालखीबरोबर. आषाढीला कळसाचं दर्शन होतं, द्वादशीला पारणं सोडतो, गाडी धरतो, तेरशीला मार्केटात. माझ्या देवानं मला कधी ठेवून घेतलं नाही. हिचा देव हिला ठेवून घेईल म्हणून भ्या वाटतं.”

इतक्या वर्षांत या भीतीचं एवढं नेमकं वर्णन मी ऐकलं नव्हतं. वारकऱ्याला देव घरातून उठवून नेत नाही. सावतोबा मळ्यात होते, गोरोबा चिखल तुडवत होते, तुकोबांचं दुकान होतं. जायचं आणि परत यायचं, दर वर्षी, हीच त्याची भक्ती. अशा माणसाला ‘मग बघू’ कसं समजावं?

मुक्ता पटकन म्हणाली, “आप्पा, मग हीसुद्धा वारीच समजा.”

“समजतो की. पण दिंडीला नंबर असतो. विणेकरी कोण ते ठाऊक असतं. भिशी किती ते आधी सांगतात. आजचा मुक्काम कुठं, उद्याचा कुठं, कागदावर असतं. तुझ्या दिंडीचा कागद दाखव.”

माझ्याकडे अशा वेळी पालकांना द्यायची एक प्रश्नावली आहे, मीच केलेली. ती मी त्या दिवशी बाहेर काढलीच नाही. आप्पांची भाषा घेऊन आम्ही चौघं बसलो. दिंडीचा नंबर म्हणजे संस्थेची नोंदणी आणि कार्यालयाचा पत्ता. विणेकरी म्हणजे तिथे मुक्ताची जबाबदारी नक्की कुणावर. आजारी पडली तर कुणाला फोन, दवाखाना किती लांब. भिशी म्हणजे पैसा: मानधन किती, राहणं-जेवण कुणाचं, प्रवास कुणाचा, आणि घरच्यांकडून देणगीची अपेक्षा आहे का. मुक्काम म्हणजे तारखा: रुजू कधी, सुट्टी कधी, परत कधी.

दोन गोष्टी मी घातल्या. एक, मूळ मार्कशीट आणि डिग्री मुक्ताकडेच राहील, कुणाकडे जमा होणार नाही. दुसरी, मध्येच सोडून आलेल्या एखाद्याशी बोलायला मिळावं. पूर्ण करून आलेले भेटतातच, ते बहुधा छानच सांगतात. मध्येच परत आलेल्याचा नंबर जी संस्था मोकळेपणानं देते, तिच्यावर माझा विश्वास बसतो. जी संस्था घरी कळवू नको म्हणते, फोन बंद ठेवायला लावते किंवा तुझ्या आईवडिलांना हे कळायचं नाही असं मुलाच्या मनात भरवते, तिच्या दारातून मी मूल परत आणायला सांगेन, मग तिथे कुठल्या का देवाचा फोटो असेना.

नंबर मिळाला. पाच महिन्यांत परत आलेला मुलगा होता. थंडी आणि एकटेपणा सोसला नाही, असं त्यानं आईंना सरळ सांगितलं. कुणी अडवलं नाही, स्टेशनपर्यंत सोडायला आले होते, हेही सांगितलं. माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा आईंना त्या दहा मिनिटांच्या फोनचा आधार जास्त झाला.

राहिलं कर्ज. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत शिक्षण संपल्यावर एक वर्ष हप्ता सुरू होत नाही; व्याज मात्र चढत राहतं. आपल्या मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते पाहायला हवं, म्हणून मुक्तानं ते आणलं. सवलत वर्षाचीच होती. साडेतीन लाखांवर दहा टक्के धरले तर वर्षाचे ३५,००० रुपये. आप्पा म्हणाले, मी भरीन. मी मध्ये पडले. सेवा मुक्ताची, तर तिचा खर्चही मुक्ताचा. निघण्याआधीचे तीन महिने तिनं कोपरखैरण्यात दहावीच्या शिकवण्या घेतल्या आणि बरीचशी रक्कम बाजूला काढली.

कंपनीनं मात्र रुजू व्हायची तारीख पुढे ढकलायला नकार दिला. ऑफर गेली. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. जा किंवा जाऊ नको असं मी सांगितलं नव्हतं, तरी एका माथाडीच्या घरातली पहिली पगाराची नोकरी हातची गेली होती आणि त्या निर्णयाच्या वेळी मी खोलीत होते. ही किंमत खरी असते. सेवेला जाणाऱ्या मुलानं ती आधीच मोजावी.

मुक्ता गेली. दर रविवारी फोन यायचा. तिसऱ्या महिन्यात तापानं फणफणली, फोनवर रडली. आई म्हणाल्या, “ये परत, कुणी काही म्हणणार न्हाई.” ती आली नाही, ताप उतरला, वर्गावर गेली. आठव्या महिन्यात तिच्या विषयाला तिथलीच एक मुलगी शिक्षिका म्हणून मिळाली. मुक्तानं महिनाभर तिच्याबरोबर वर्ग घेतले आणि ठरलेल्या तारखेच्या तीन महिने आधी घरी आली. कराडच्या स्थळाला तोवर तिनं स्वतः नाही कळवलं होतं.

नोकरी मिळायला पाच महिने लागले. पगार पहिल्या ऑफरपेक्षा कमी आहे. मुलाखतीत मधल्या काळाबद्दल विचारायचे, तेव्हा ती सातवीच्या मुलांना अपूर्णांक कसे शिकवले ते सांगायची. काहींना ते आवडलं, काहींनी कागद पुढे सरकवला.

परवा आप्पा एकटेच येऊन गेले. पिशवीत पाच किलो कांदे होते, नाही म्हटलं तरी ठेवून गेले. यंदा लोणंदला मुक्ता दिंडीत येणार म्हणाले, लोणंद ते तरडगाव एकच दिवस, चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण बघायला. मग स्टुलावरून उठता उठता विचारलं, “नव्या नोकरीत सुट्टी मागितली तर चालंल का हो एवढ्यात?”