इंटरनेट बंद पडल्याची बातमी आली की माझा भाऊ हसतो. प्रोग्रामर लोकांना गांभीर्य नसतं का?

(पूर्ण प्रश्न असा होता : माझा धाकटा भाऊ सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुठे डेटा चोरीला गेला, अर्धं इंटरनेट ठप्प झालं अशी बातमी लागली की घरात आम्ही धास्तावतो आणि हा मोबाइलमध्ये बघून फिदीफिदी हसत असतो. त्याचे मित्रही तसलेच. हे असं का?)

तुमच्या भावाच्या मोबाइलमध्ये काय चाललेलं असतं ते मी न बघता सांगू शकतो. तसाच एक ग्रुप माझ्याही फोनमध्ये आहे. अठरा वर्षं याच धंद्यात काढली आहेत, त्यामुळे हे उत्तर थोडं आरोपीच्या पिंजऱ्यातून दिलेलं आहे असं समजा.

२०२५ च्या दिवाळीतलं सांगतो. २० ऑक्टोबर, नरकचतुर्दशी. पहाटेची अंघोळ झाली होती, फराळ झाला होता, चकल्या अंमळ जास्तच झाल्या होत्या. दुपारी बारानंतर ॲमेझॉनच्या क्लाउडचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांना भाड्याने दिलेल्या सर्व्हरचा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला विभाग आडवा झाला आणि त्याच्यावर उभ्या असलेल्या सेवा, स्नॅपचॅट, सिग्नल वगैरे, जगभर कोलमडल्या. आमच्या ग्रुपवर पहिला मेसेज : "डीएनएस." दुसरा, माझा : "ॲमेझॉन आहे ते, एवढं साधं नसेल." तिसरा : "लाडू पैज. डीएनएसच."

डीएनएस म्हणजे नाव सांगितलं की पत्ता देणारी वही. आमच्या धंद्यात काहीही बंद पडलं तरी शेवटी तीच वही दोषी निघते, हा जुना विनोद आहे. अडीचच्या सुमारास ॲमेझॉननेच सांगितलं की घोळ डीएनएसचा आहे. पुढे तपशील आला तो असा : त्या वहीत नोंदी करणारे दोन स्वयंचलित कारकून एकमेकांच्या आड आले. एक रेंगाळला आणि त्याने शिळी नोंद ताज्या नोंदीवर चिकटवली. दुसरा त्याच वेळी शिळ्या नोंदी साफ करत होता, त्याने ती उडवली. राहिलं कोरं पान. डायनॅमोडीबी नावाच्या डेटाबेसचा त्या विभागातला पत्ताच नाहीसा झाला. ॲपवर चालणाऱ्या काही महागड्या गाद्यासुद्धा त्या रात्री बिघडल्या, कुणाची तापत राहिली, कुणाची उचललेल्या अवस्थेत अडकली. झोपायला इंटरनेट लागतं अशी गादी विकत घेणाऱ्याला काय म्हणावं हे मी तुमच्यावर सोडतो. लाडू मात्र मी हरलो.

आता यात हसण्यासारखं काय? तर घरोघरी मातीच्या चुली. बातमीतली चूक बाहेरच्याला हल्ला, कारस्थान किंवा जगबुडी वाटते. आम्हाला ती ओळखीची वाटते. कधी कधी तर फारच ओळखीची.

महिनाभरातच, १८ नोव्हेंबरला, क्लाउडफ्लेअर पडलं. असंख्य वेबसाइटांच्या दाराशी पहारेकऱ्यासारखी उभी असणारी ही कंपनी. मंगळवार, संध्याकाळचे पाचला दहा कमी, म्हणजे ऑफिसात चहाची वेळ. एक्स बंद, चॅटजीपीटी बंद, आणि कुठली साइट बंद आहे हे सांगणारी डाउनडिटेक्टर नावाची साइट असते, तीही बंद. (आग लागली की पहिल्यांदा अग्निशमन केंद्र पेटावं, तसं.) क्लाउडफ्लेअरवाल्यांनाही सुरुवातीला वाटलं की प्रचंड हल्ला आहे. कारण सेवा मधेच सुरू होत होती, मधेच पडत होती. त्यातच त्यांचं स्वतःचं स्टेटस पेज, म्हणजे सेवा चालू की बंद हे सांगणारं पान, जे मुद्दाम त्यांच्या यंत्रणेच्या बाहेर ठेवलेलं आहे, तेही निव्वळ योगायोगाने बंद पडलं. असा योगायोग झाला की कोणाच्याही पोटात गोळा येणारच.

हल्ला नव्हता. साइटवर येणारा माणूस आहे की बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, हे ओळखायला त्यांच्याकडे एक फाइल असते, दर पाच मिनिटांनी नव्याने बनणारी. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्यांमध्ये एक छोटा बदल केला, चांगल्या हेतूने, सुरक्षा वाढावी म्हणून. त्यामुळे फाइल बनवणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा आणायला लागली. फाइल फुगली. ती वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये मर्यादा होती २०० नोंदींची. एरवी साठेक नोंदी असायच्या, म्हणजे मर्यादा ऐसपैसच म्हणायची. ती ओलांडली गेली तेव्हा काय करायचं, हे कोडमध्ये एका शब्दात लिहिलेलं होतं : अनरॅप. रस्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेत त्याचा अर्थ साधारण असा, की हे बरोबरच असणार, तपासत बसू नकोस, आणि नसलंच तर जागच्या जागी प्राण सोड. प्रोग्रामने प्राण सोडला. डेटाबेसच्या काही मशिनांवर बदल पोहोचला होता, काहींवर नव्हता, म्हणून पाच मिनिटांनी चांगली फाइल यायची, पुढच्या पाच मिनिटांनी वाईट. तीच ती धडधाकट-आजारी-धडधाकट अवस्था.

हे सगळं त्यांनी त्याच रात्री लिहून जाहीर केलं, कोडच्या ओळीसकट. मी ते वाचलं आणि हसलो. आणि मग हसू जरा विरलं.

कारण २०१३ च्या मार्चअखेरीस मी नेमकं हेच केलं होतं. एका दुकानांच्या साखळीचं बिलिंग आम्ही सांभाळायचो. रोज रात्री दरांची फाइल यायची. मी ती वाचणारा कोड लिहिला आणि एकाच वस्तूचा दर दोनदा आला तर थेट एरर, पुढे काहीच नाही, अशी सोय केली. शेजारी कॉमेंट टाकली : "असं कधी होत नाही." ३० मार्चच्या रात्री क्लायंटकडच्या कुणीतरी फाइल बनवणारा प्रोग्राम चुकून दोनदा चालवला. सकाळी दहाला शटर उघडली आणि एकाही काउंटरवर बिल फाटेना. ब्रिज कॉलवर पंचवीस माणसं होती. क्लायंटच्या मॅनेजरने कोड स्क्रीनवर उघडायला लावला आणि माझी ती कॉमेंट मोठ्याने वाचून दाखवली. ती कोणी लिहिली हे कुणी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती, ओळीच्या बाजूला माझं नाव दिसत होतं. आजही टीममधले जुने लोक मी काही ठामपणे बोललो की म्हणतात, "असं कधी होत नाही, ना?"

तेव्हा तुमचा भाऊ हसतो ते दुसऱ्याचं घर जळताना बघून नव्हे. आपल्या घरातही तीच वायर तशीच उघडी लोंबतेय आणि आज ठिणगी तिकडे पडली, एवढं त्याला कळलेलं असतं.

काही विनोद तर बातमीच करून ठेवते, आम्ही फक्त पुढे पाठवतो. २०२१ च्या डिसेंबरातली लॉगफोरजेची भानगड आठवते? प्रोग्रामची रोजनिशी लिहिणारी ही जावातली लायब्ररी. तिला एक जास्तीची हौस होती : लिहायच्या मजकुरात डॉलर आणि महिरपी कंसात विशिष्ट सूचना दिसली, तर ती नुसती लिहून न ठेवता पाळायची, अगदी परक्या सर्व्हरवरून कोड आणून चालवायची. माइनक्राफ्ट खेळताना चॅटमध्ये एक ओळ टाकली की सर्व्हर ताब्यात. म्हणजे दिवाणजीला पत्र उतरवून घ्यायला सांगावं आणि पत्रात "तिजोरी उघड" असं आलं की त्याने उठून तिजोरी उघडावी. दुरुस्तीची २.१५ आली, ती अपुरी निघाली म्हणून २.१६, मग २.१७, मग २.१७.१, आणि हे सगळं एका महिन्यात. आमच्याकडे तेव्हा एक म्हातारं ॲप्लिकेशन होतं, लॉगफोरजेच्या पहिल्या आवृत्तीवर. त्या आवृत्तीचा सपोर्ट २०१५ मध्येच संपलेला. ते अपग्रेड करा म्हणून मी चार वर्षं कंठशोष केला होता, बजेट मिळालं नव्हतं. आणि हे भोक फक्त दुसऱ्या आवृत्तीत! ज्यांनी शहाण्यासारखं अपग्रेड केलं ते नाताळात जागले, आम्ही आळशी सुखरूप. मॅनेजरने मीटिंगमध्ये त्याला "आपला दूरदर्शी निर्णय" म्हटलं. मी म्यूटवर होतो, ते बरं.

क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीचं तर विचारूच नका. १९ जुलै २०२४, वार शुक्रवार. आमच्यात शुक्रवारी काही डिप्लॉय करायचं नसतं, म्हणजे नवा कोड चालू यंत्रणेवर चढवायचा नसतो, बिघडलं तर शनिवार-रविवार जातो. हा नियम शाळकरी पोरासारखा आम्हाला पाठ असतो आणि तसाच मोडलाही जातो. आपल्या घड्याळात सकाळी ९.३९ ला त्यांनी संरक्षण करणाऱ्या सॉफ्टवेअरची एक छोटी फाइल पाठवली. फाइलीला हव्या होत्या २१ गोष्टी, कोड देत होता २०. एकविसावी शोधायला प्रोग्राम मेमरीत भलतीकडे गेला आणि विंडोज निळी पडली. ७८ मिनिटांत फाइल मागे घेतली, पण तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशिनं पडली होती, आणि पडलेलं मशिन दुरुस्तीची फाइल घ्यायला उठतंय कुठे? प्रत्येकापाशी माणूस जायला हवा. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो तुम्हीही पाहिले असतील. माझा एक मित्र हिंजवडीत डेस्कटॉप सपोर्टला आहे. त्याने तो शुक्रवार आणि पुढचा शनिवार फोनवर लोकांना बिटलॉकरची, म्हणजे विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची, किल्ली सांगण्यात घालवला. ती किल्ली ४८ आकड्यांची असते, सहा-सहाचे आठ गट. एका बाईंनी सातव्या गटाला विचारलं म्हणे, "सुरुवातीला शून्य होतं का हो?" तो अजून हे सांगताना डोकं धरतो. पण सांगतो हसतच.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात दरोडा पडल्यावर बाहेर आलं, की २०१४ च्या तपासणीत तिथल्या कॅमेऱ्यांच्या सर्व्हरचा पासवर्ड "लूव्र" निघाला होता. यावर विनोद करायचीही सोय ठेवली नाही त्यांनी.

आता अशी एक बातमी, जिच्यावर आमचा ग्रुप हसला नाही. २९ मार्च २०२४, तोही शुक्रवारच, गुड फ्रायडे. आंद्रेस फ्रॉइंड नावाचा मायक्रोसॉफ्टमधला इंजिनियर पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करताना काही मोजमाप घेत होता. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दुरून सर्व्हरमध्ये शिरायच्या सुरक्षित वाटेने, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण म्हणालो असतो नेटवर्क असेल, आणि चहाला गेलो असतो. हा खणत गेला, आणि खाली एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीत चोरदरवाजा सापडला. तो बसवला होता "जिया टॅन" या नावाने दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून विश्वास कमावलेल्या कुणीतरी. चोरदरवाजा लपवला होता चाचणीसाठीच्या मुद्दाम बिघडवलेल्या फाइलींमध्ये, जिथे कचरा दिसला तरी कुणी नाक मुरडत नाही. आणि आधी ही लायब्ररी सांभाळत कोण होतं? फिनलंडमधला एक माणूस, लासे कॉलिन, फावल्या वेळात, बिनपगारी. २०२२ मध्ये त्याच्यामागे काही नावं हात धुऊन लागली होती : आम्ही पाठवलेले पॅच, म्हणजे कोडमधले बदल, कधी घेणार, जमत नसेल तर दुसऱ्याला द्या. त्याने लिहिलंही की मनःस्वास्थ्य ठीक नाही, आणि हा हौसेचा उद्योग आहे. त्या तगादेवाल्या नावांपैकी एक होतं "जिगर कुमार". माणूस खरा नसावाच. पण आपल्याकडची ईमेलं कशी असतात, कशी घाई करतात, हे कुणीतरी नीट अभ्यासलेलं होतं, या विचाराने मला कसंसंच झालं. त्या दिवशी ग्रुपवर एकच मेसेज आला : "कुठली व्हर्जन आहे बघा." मग सगळे गप्प.

हाच फरक घरी ओळखता येतो. चूक, गबाळेपणा, आळस यांवर आम्ही हसतो, ते आमच्याच गोत्रातले. कुणी खरंच दाराशी येऊन उभं राहिलं असेल तर हसत नाही.

म्हणून पुढच्या वेळी मोठी बातमी लागली आणि भाऊ मोबाइलमध्ये बघून खिदळत असेल, तर तुम्ही आपली मालिका बघा. तो न हसता लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं, तर त्याचं ताट झाकून ठेवा, रात्री उशीर होईल त्याला.