पी ०१७१ कोड आला म्हणून लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलू नका

तुम्ही लिहिलंय की बापदेव घाट चढताना चेक इंजिनचा दिवा लागला, स्कॅनरवर पी ०१७१ हा बिघाडाचा कोड आला आणि गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणताहेत. माझं मत, अजून सेन्सर घेऊ नका. तुम्हीच दिलेले दोन आकडे वेगळीकडे बोट दाखवताहेत: फ्युएल ट्रिम, म्हणजे गाडीने आपणहून पेट्रोलमध्ये केलेली वाढ-घट, आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) +४ टक्के, घाटात +२४.

ट्रिम कुठून येते ते आधी बघू. ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) इंजिनचा मुख्य दांडा, म्हणजे क्रँक, सेकंदाला ५० फेरे मारतो. प्रत्येक सिलिंडरला दोन फेऱ्यांतून एकदा पेट्रोल लागतं, म्हणजे दर ४० मिलिसेकंदांनी. तेवढ्यात ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, क्रँक सेन्सरवरून वेग बघायचा असतो, मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला दाब मोजणारा) आणि हवेच्या तापमानावरून आत किती हवा गेली याचा हिशेब मांडायचा असतो आणि इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवायचं असतं. आता महत्त्वाचं: तुमच्यासारख्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या) गाडीत प्रत्यक्ष किती पेट्रोल गेलं हे मोजणारं सहसा काहीच नसतं. रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) ठरलेला दाब आहे असं धरून ईसीएम फक्त वेळ देतो.

हिशेब चुकला की नाही, ते पेट्रोल जळून गेल्यावर ऑक्सिजन सेन्सर सांगतो. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त उरला तर साध्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ व्होल्टकडे उतरतं, कमी उरला तर ०.९ कडे चढतं. त्यावरून ईसीएम इंजेक्टरची वेळ कमी-जास्त करतो, आणि त्या दुरुस्तीची टक्केवारी म्हणजे ट्रिम. ती मर्यादेबाहेर गेली आणि तिथेच राहिली की पी ०१७१ नोंदला जातो. मिश्रणात पेट्रोल कमी दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. कोणता पार्ट खराब आहे, हे कोड सांगत नाही.

सेन्सरच चुकीचं दाखवत असता तर आयडलिंगलाही ट्रिम बिघडलेली दिसली असती. मॅनिफोल्डमध्ये कुठून हवा शिरत असती, तर मॅप सेन्सरवाल्या गाडीत ती हवा हिशेबात धरली जाते. आधी आयडलिंगचा आरपीएम वाढलेला दिसतो. काहींनी ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) दोष दिलाय. इथेनॉलला किलोमागे सुमारे ९ किलोच हवा पुरते, त्यामुळे ट्रिम थोडी वर सरकते हे खरं. पण ती आयडलिंगलाही तेवढीच सरकेल, फक्त घाटात २४ वर जाणार नाही.

जास्त पेट्रोल लागतं तेव्हाच कमी पडतंय, म्हणजे माझा संशय पुरवठ्यावर आहे: थकलेला पंप, टाकीतला चोंदलेला फिल्टर किंवा कचरा धरलेले इंजेक्टर. रेलला गेज लावून दाब मोजून घ्या, आणि तोही चढावर, एसी लावून. बहुतेक पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत तो ३ ते ४ बारच्या दरम्यान असतो. नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. लाइनमध्ये दाबाखाली पेट्रोल असतं, म्हणून हे काम घरी पार्किंगमध्ये करू नका.

सेन्सरची शंका राहिलीच तर गरम इंजिनवर स्कॅनरचा लाइव्ह डेटा (त्या क्षणाचे आकडे) लावा. जोरात ॲक्सिलरेटर दिल्यावर व्होल्टेज ०.८ च्या वर जातं आणि पाय काढल्यावर झटकन खाली येतं का बघा. येत असेल तर नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांतून नवा सेन्सर आणायची गरज नाही.

आणि बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. शिकलेली ट्रिम पुसली जाते आणि बहुधा कोड नोंदताना साठवलेला वेग, लोड, तापमानही जातं. दाब मोजायच्या आधी त्या साठवलेल्या आकड्यांचा फोटो काढून ठेवा. सध्या दिवा स्थिर आहे तोवर जपून चालवायला हरकत नाही, घाट मात्र टाळा. दिवा उघडझाप करायला लागला तर मिसफायर होतंय आणि न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं. तेव्हा लगेच ॲक्सिलरेटर सोडा, गाडी कडेला घ्या आणि टो करून न्या.