लुमेन्सचा आकडा आणि पडद्यावरचा उजेड

प्रश्न : घरी चित्रपट पाहण्यासाठी मी दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी लावून पाहिले. एकावर ३००० लुमेन्स लिहिले आहे, दुसऱ्यावर २०००. दोन्हींचे कॅलिब्रेशन (रंग प्रमाणानुसार जुळवणे) केल्यावर मात्र ३००० लुमेन्सचा प्रोजेक्टरच मंद दिसू लागला. खोली पूर्ण अंधारी असून पडदा १०० इंचांचा आहे. कोणता घ्यावा?

उत्तर : छापलेला लुमेन्सचा, म्हणजे प्रोजेक्टरमधून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचा, आकडा खोटा असेलच असे नाही, पण तो बहुधा सर्वांत प्रखर मोडमध्ये मोजलेला असतो आणि त्या मोडमध्ये चित्रपट पाहण्यासारखा दिसत नाही. त्यात पांढरा सदरा किंचित हिरवट दिसतो, कारण पाऱ्याच्या दिव्यात हिरवा प्रकाश भरपूर आणि लाल तुटपुंजा असतो. पांढरा रंग ६५०० केल्विन या पांढऱ्याच्या छटेच्या प्रमाणाला आणायचा तर लाल वाढवता येत नाही, म्हणून हिरवा कमी करावा लागतो; आणि आपल्या डोळ्यांना हिरवाच सर्वाधिक उजळ वाटत असल्याने लुमेन्स झपाट्याने घसरतात. एका चिपच्या डीएलपी प्रोजेक्टरमध्ये (यात सूक्ष्म आरशांची चिप चित्र घडवते) रंगचक्राला, म्हणजे रंग आळीपाळीने पाडणाऱ्या फिरत्या चकतीला, पारदर्शक खिडकी असेल, तर ती फक्त पांढऱ्याचा उजेड वाढवते, लाल-निळ्याचा नाही.

चित्रपटगृहातील पडद्याची प्रमाणित प्रखरता ४८ निट्स (पडद्याच्या उजळपणाचे एकक) आहे. तुमच्या पडद्याचा गेन (प्रकाश परत फेकण्याचे प्रमाण) १ असेल, तर तेवढ्यासाठी सुमारे ४२० लुमेन्स पुरतात. दिव्याचे आयुष्य संपत येईपर्यंत उजेड निम्म्यावर येतो, हे धरून कॅलिब्रेशननंतर ८५० लुमेन्स मिळाले की अंधाऱ्या खोलीत काही कमी पडू नये.

तुलनेची पद्धत मात्र बदला, असा माझा आग्रह आहे. दोन चित्रे शेजारी असली की डोळे निळसर पांढऱ्यालाच खरा पांढरा मानतात आणि अचूक चित्र पिवळट वाटू लागते. त्यामुळे एका वेळी एकच प्रोजेक्टर चालू ठेवून काही मिनिटे पाहा. झूम बदलला की लेन्समधून येणारा प्रकाशही बदलतो, म्हणून दोन्ही प्रोजेक्टर प्रत्यक्ष जिथे बसवायचे तिथूनच चित्र पाडा. मग पूर्ण पांढरे चित्र लावून लक्समीटर (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश लक्समध्ये मोजणारे यंत्र) पडद्याला टेकवा आणि त्याचे तोंड प्रोजेक्टरकडे ठेवा. १५० लक्स म्हणजेच ते ४८ निट्स. नव्या दिव्यावर ३०० च्या आसपास आकडा यावा.

तुमचा २००० लुमेन्सचा प्रोजेक्टर तेवढे देत असेल, तर तोच घ्या.