ह्यूबर्ट डॉगर्ट : कसोटीपटू आणि शाळामास्तर

प्रश्न : मी सोलापुरात माध्यमिक शाळेत शिकवतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पार्क मैदानावर मुलांचा सराव घेतो. जुन्या काळातील काही हौशी इंग्लिश क्रिकेटपटू ऐन उमेदीत खेळ मागे ठेवून शाळामास्तर झाले, असे वाचनात आले. खेळात कमी पडले म्हणून ते शाळेकडे वळले, की शिकवण्याची ओढ होती? एखाद्या उदाहरणासह सांगावे.
— एक शिक्षक, सोलापूर

उत्तर : आपल्या प्रश्नासाठी ह्यूबर्ट डॉगर्ट (१९२५–२०१८) यांचे चरित्र फार उपयोगी आहे, कारण ते खेळात कमी पडले असे कोणालाही म्हणता येणार नाही. १९४८ मध्ये केंब्रिज विद्यापीठाकडून लँकेशायर या काउंटीच्या (इंग्लंडमधील परगण्याच्या) संघाविरुद्ध खेळताना पहिल्याच प्रथमश्रेणी सामन्यात त्यांनी नाबाद २१५ धावा काढल्या. पुढच्याच वर्षी एसेक्सविरुद्ध त्यांनी जॉन ड्यूज यांच्यासह दुसऱ्या गड्यासाठी ४२९ धावांची अभेद्य भागीदारी केली. दुसऱ्या गड्याचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५५ धावांचा होता आणि तो डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात, काठियावाडविरुद्ध, महाराष्ट्राच्या भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकर यांनी रचला होता. केंब्रिजने डाव घोषित केला तेव्हा ही जोडी त्या विक्रमापासून अवघ्या २६ धावा दूर होती. निंबाळकरांच्या नाबाद ४४३ धावा आपल्याकडे सर्वांना ठाऊक असतात; भांडारकरांचे नाव मात्र त्या मानाने क्वचितच घेतले जाते, याची खंत वाटते.

१९५० मध्ये डॉगर्ट वेस्ट इंडीजविरुद्ध दोन कसोटी सामने खेळले आणि १९५४ मध्ये ससेक्स काउंटी संघाचे कर्णधार झाले. मात्र हौशी खेळाडूला पगार नसे, केवळ खर्च मिळे, त्यामुळे घरची श्रीमंती नसलेल्या पदवीधराला चरितार्थाची दुसरी सोय पाहावीच लागे. निवासी शाळेतील नोकरीत वेतन होते आणि ऑगस्टची दीर्घ सुट्टी काउंटी हंगामातच येत असल्यामुळे तेवढे आठवडे संघाकडून खेळताही येई. यात एक अन्यायही होता, तो नाकारू नये : मे महिन्यापासून राबणाऱ्या एखाद्या व्यावसायिक खेळाडूला सुट्टीत आलेल्या मास्तरांसाठी आपली जागा सोडावी लागे, आणि त्याचा राग रास्तच होता. हौशी आणि व्यावसायिक हा भेद १९६३ च्या हंगामापासून संपला, ते योग्यच झाले.

तरीही डॉगर्ट यांची निवड केवळ सोयीची होती, असे मला वाटत नाही. ज्या विंचेस्टर शाळेत ते शिकले, तिथेच त्यांनी अनेक वर्षे शिकवले. १९६१ मध्ये त्यांचे प्रथमश्रेणी क्रिकेट थांबले, शिकवणे थांबले नाही. १९७२ ते १९८५ या काळात ते सॉमरसेटमधील ब्रूटनच्या किंग्ज स्कूलचे मुख्याध्यापक होते आणि त्या पदावर असतानाच, १९८१-८२ मध्ये, त्यांनी क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या लंडनच्या मेरिलबोन क्रिकेट क्लबचे (एमसीसी) अध्यक्षपदही सांभाळले. इंग्लंडच्या शालेय क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष म्हणूनही त्यांनी काम केले. ज्याला केवळ पोटापुरती नोकरी हवी असते, तो मुलांच्या खेळासाठी आपला वेळ असा देत नाही.

त्यांचे जोडीदार ड्यूज यांनीही हीच वाट धरली. १९४८ मध्ये ओव्हलवर, इंग्लंडचा डाव ५२ धावांत आटोपला त्या सामन्यात, ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांचे कसोटी पदार्पण झाले होते. पुढे १९५८ ते १९६३ या काळात ते ऑस्ट्रेलियातच, सिडनीच्या बार्कर कॉलेजचे मुख्याध्यापक होते.