मासेमारीच्या रॉडवर इपॉक्सी लावायला कुठला ब्रश घ्यावा?

महागडा ब्रश घेऊ नका, हे आधीच सांगतो. गाइड म्हणजे गळाची दोरी ज्यांतून जाते त्या रॉडवरच्या कड्या; त्या दोरा गुंडाळून रॉडवर बसवतात. या दोऱ्यावर लावायचं इपॉक्सी दोन भाग मिसळून घट्ट होणारं असतं. ते केसांच्या मुळाशी एकदा घट्ट झालं की ब्रश कामातून गेला. त्यामुळे स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या चित्रकलेसाठी मिळतात तसे नायलॉनचे चपटे ब्रश आणा, साधारण 6 मिमी रुंदीचे, आणि एक थर झाला की सरळ फेकून द्या.

पण स्वस्त म्हणजे कुठलाही नव्हे. जनावराच्या केसांचे स्वस्त ब्रश हमखास केस सोडतात, आणि पारदर्शक थरात अडकलेला एक केस रॉड असेपर्यंत डोळ्यांत खुपतो. नायलॉनचा नवा ब्रशही आधी बोटांनी उलटसुलट झटका, मग केसांवर चिकटपट्टी दाबून ओढा. सुटे केस तिथेच निघतील. मी तर केस कात्रीने थोडे आखूड करून घेतो. टोक जरा कडक झालं की गाइडच्या पायाशेजारी दोऱ्याखाली राहणाऱ्या फटीत इपॉक्सी नीट शिरतं.

दाट, झुपकेदार ब्रश नकोच. त्यात हवा अडकते आणि सगळे बुडबुडे दोऱ्यावर उतरतात. रंग दिल्यासारखं घासूही नका. रॉड हळूहळू फिरता ठेवा, ब्रश जेमतेम टेकवा, इपॉक्सी आपणहून पसरू द्या. थोड्या वेळाने फिरवणं क्षणभर थांबवा. खालच्या बाजूला जादा इपॉक्सी लोंबायला लागलं की ते ब्रशच्या टोकाने उचलून घ्या.