वाचकांचे प्रश्न : भिगवणच्या पक्ष्यांसाठी कॅनन आर१० घ्यावा की निकॉन झेड५०-टू?

प्रश्न : माझ्याकडे निकॉन डी५६०० आहे आणि त्याच्या सोबत आलेल्या १८-५५ व ७०-३०० या दोन एएफ-पी लेन्स आहेत. थंडीत भिगवणला होडीतून पक्ष्यांचे फोटो काढतो. शिवाय घरची कार्यं आणि मुलीच्या शाळेचं स्नेहसंमेलन असतंच. बसलेल्या पक्ष्यांचे फोटो बरे येतात, पण उडत्या पक्ष्यांचे निम्मेअधिक धूसर निघतात आणि लहान पक्षी फ्रेममध्ये ठिपक्याएवढे दिसतात. बॉडी आणि लेन्स मिळून दीड लाखापर्यंत खर्च करू शकतो. दुकानदार कॅनन ईओएस आर१० घ्या म्हणतात, मित्र निकॉन झेड५०-टू सुचवतात. कोणता घ्यावा?
– एक वाचक, बारामती

उत्तर : तुमचं बजेट आणि होडीतलं शूटिंग पाहता कॅनन आर१० घ्या आणि त्यावर आरएफ १००-४०० एफ/५.६-८ ही लेन्स लावा. मात्र हा कौल बॉडीपेक्षा लेन्समुळे आहे. नुसत्या बॉडी शेजारी ठेवल्या तर काही बाबतींत झेड५०-टू सरस आहे.

तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांची कारणंही वेगळी आहेत. उडता पक्षी धूसर येतो तो मुख्यतः फोकसमुळे. डी५६०० मध्ये ३९ फोकस पॉइंट आहेत, तेही बहुतेक फ्रेमच्या मध्यभागी. समोर पक्षी आहे हे त्या कॅमेऱ्याला ओळखता येत नाही. बगळा मध्यातून थोडा सरकला की फोकस मागच्या पाण्यावर किंवा गवतावर जाऊन बसतो. ही अडचण नवी बॉडी सोडवते, दोन्हीपैकी कोणतीही. लहान पक्षी ठिपक्याएवढा दिसतो तो मात्र लेन्सची लांबी (फोकल लेंथ, म्हणजे लेन्सच्या नावातले मिमीचे आकडे) अपुरी पडते म्हणून, आणि तिथे बॉडी बदलून काहीच फरक पडत नाही.

आकडेमोड करून पाहू. बुलबुलाएवढा, म्हणजे साधारण २० सेंमीचा पक्षी ३० मीटरवर बसला आहे. तुमच्या डी५६०० वर ३०० मिमीला त्याची लांबी फोटोत सुमारे ५१० पिक्सेल भरते. तीच लेन्स एफटीझेड-टू अडॅप्टरने (जुन्या निकॉन लेन्स नव्या झेड बॉडीवर बसवणारा जोड) झेड५०-टू वर लावली तर ४७० च्या आसपास, म्हणजे आत्तापेक्षा कमीच, कारण या बॉडीचा सेन्सर २०.९ मेगापिक्सेलचा आहे आणि तुमचा २४.२ चा. आर१० वर ४०० मिमीला तोच पक्षी सुमारे ७१५ पिक्सेल भरतो. झेड५०-टू वर निकॉनची झेड १८०-६०० लावली तर ६०० मिमीला जवळपास ९५०. निकॉनची स्वस्त आणि हलकी डीएक्स ५०-२५० घेतली तर ३९५ वर येतो. ३०० डीपीआयने छापायचं तर ७१५ पिक्सेल म्हणजे कागदावर जेमतेम ६ सेंमीचा पक्षी होतो. त्यामुळे यातला एकेक पिक्सेल मोलाचा आहे.

‘कॅननचा क्रॉप १.६ आणि निकॉनचा १.५, म्हणून कॅनन जास्त जवळ आणतो’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येईल. क्रॉप म्हणजे मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरच्या तुलनेत दृश्य किती पट अरुंद दिसतं तो आकडा. ४०० चे ६४० मिमी होतात ते फक्त दृश्याच्या कोनापुरते. पक्ष्यावर किती पिक्सेल पडतात ते लेन्सची खरी लांबी आणि सेन्सरवरच्या पिक्सेलची दाटी ठरवते. आर१० ची दाटी निकॉनपेक्षा जास्त आहे, एवढाच त्या वाक्यातला खरा अर्थ.

आता वजन. आर१० बॅटरी-कार्डासह ४२९ ग्रॅम आणि आरएफ १००-४०० ही ६३५ ग्रॅम. जोडी एक किलोच्या थोडी वर जाते. झेड५०-टू ५५० ग्रॅमचा आहे, पण १८०-६०० ट्रायपॉड कॉलरसह २१४० ग्रॅमची. ती जोडी पावणेतीन किलोला टेकते. भिगवणला, म्हणजे उजनी धरणाच्या बॅकवॉटरमध्ये, हलत्या होडीत ट्रायपॉडचा उपयोग नसतो. दोन-तीन तास सगळं हातावरच पेलायचं असतं, आणि दमलेला हात पक्षी उडण्याच्या क्षणी कॅमेरा वर उचलायला उशीर करतो. भाड्याने आणलेली १८०-६०० घेऊन एक सकाळ काढा, मग ठरवा. शिवाय ती लेन्स धरून हिशेब तुमच्या दीड लाखाच्या बराच बाहेर जातो.

कॅननच्या त्या लेन्सची उणीवही लक्षात घ्या. ४०० मिमीला तिचं ॲपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र; आकडा मोठा तितका प्रकाश कमी) एफ/८ असतं, तर १८०-६०० चं ६०० मिमीला एफ/६.३. हा फरक दोन-तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). जिथे निकॉनवर आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे, म्हणजे नॉइज येतो) १६०० पुरेल तिथे कॅननवर २५०० लागेल. सूर्य वर आल्यावर हे जाणवणार नाही. पण पहाटेच्या पहिल्या फेरीत, १/१००० शटर धरून फ्लेमिंगो टिपताना आयएसओ ६४०० च्या पुढे जाईल. अशा वेळी रॉमध्ये (सेन्सरची कच्ची, प्रक्रिया न केलेली फाइल) काढा आणि नॉइज संगणकावर कमी करा. या लेन्ससोबत हूड (पुढे लावायची, तिरपा उजेड अडवणारी कडी) मिळत नाही. ईटी-७४बी वेगळा मागून घ्या, कारण पाण्यावरून येणारी तिरपी चमक फोटोचा कॉन्ट्रास्ट घालवते. लेन्सला वेदर सीलिंगही नाही. होडीत मऊ टॉवेल जवळ असू द्या.

आता नुसत्या बॉडींची तुलना. झेड५०-टू मध्ये विषय ओळखण्याच्या यादीत पक्ष्यांसाठी वेगळा पर्याय आहे. आर१० मध्ये पक्षी ‘ॲनिमल्स’मध्येच येतात. मोकळ्या आकाशात दोन्ही कॅमेरे डोळा पटकन पकडतात. बाभळीच्या काट्याकुट्यांत बसलेल्या पक्ष्यावर दोन्ही चुकतात. तिथे पूर्ण फ्रेमचं ट्रॅकिंग बंद करून एकच पॉइंट पक्ष्याच्या छातीवर ठेवावा. व्ह्यूफाइंडर दोन्हींचे २३.६ लाख डॉटचे आहेत, पण निकॉनचा मोठा दिसतो आणि बराच उजळ होतो. भर उन्हात पाण्याकडे बघून डोळे दिपतात तेव्हा हा फरक खरोखर उपयोगी पडतो. ग्रिपही निकॉनची भरीव आहे. कॅननच्या बाजूने वेग आहे : मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फोटो, निकॉनवर ११. पण रॉमध्ये सलग काढत राहिलात तर आर१० चा बफर (कार्डावर लिहिण्याआधी फोटो साठवणारी कॅमेऱ्यातली मेमरी) दोनेक सेकंदांत भरतो आणि कॅमेरा अडखळू लागतो. ऑस्प्रे मासा घेऊन वर येतो तेव्हा बटण दाबून धरू नका, अर्ध्या-अर्ध्या सेकंदाचे छोटे बर्स्ट घ्या. यूएचएस-टू, व्ही६० दर्जाचं (जास्त वेगाने लिहिणारं) कार्ड घेतलं तर बफर लवकर रिकामा होतो. तुमचं जुनं कार्ड चालेल, पण थांबावं लागेल.

बटण दाबण्याआधीचे क्षण साठवण्याची सोय दोन्हींत आहे. निकॉन ती जेपीईजीमध्ये देतो, एक सेकंद आधीपर्यंतची. कॅनन अर्धा सेकंद आधीपासूनचे रॉ देतो, पण सगळे एकाच फाइलमध्ये, आणि हवी ती फ्रेम नंतर वेगळी काढावी लागते. दोन्हीकडे ही सोय इलेक्ट्रॉनिक शटरवर चालते. या वर्गातले सेन्सर ओळीओळीने वाचले जातात, त्यामुळे वेगाने फडफडणारे पंख वाकडे दिसतात. खंड्या फांदीवरून सुटतो तो क्षण पकडायला ही सोय वापरा. थव्याच्या उड्डाणाला मेकॅनिकल शटरच ठेवा.

बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप भरून काढण्याची सोय) दोन्हींपैकी एकातही नाही, सगळी भिस्त लेन्सवर. म्हणून तुमची जुनी ७०-३०० नीट बघून घ्या. तिच्यावर ‘व्हीआर’ (निकॉनच्या लेन्समधलं स्टॅबिलायझेशन) लिहिलेलं आहे का? ही लेन्स दोन प्रकारांत विकली गेली आहे. व्हीआर नसलेली झेड५०-टू वर लावली तर हाताचा कंप भरून काढणारं काहीच उरणार नाही.

कॅमेरा आणल्यावर उडत्या पक्ष्यांसाठी एवढं लावून ठेवा : सर्वो एएफ (हलत्या विषयावर सतत फोकस धरून ठेवणारा मोड), विषय ‘ॲनिमल्स’, डोळा ओळख चालू, शटर १/२००० ते १/३२००, ऑटो आयएसओची वरची मर्यादा ६४०० (पहाटेपुरती ती वाढवा). गडद पाण्यापुढे पांढरा पक्षी असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) उणे २/३ करा, नाहीतर पिसांचा तपशील जळून जातो आणि रॉमधूनही परत येत नाही. आणि सकाळी नऊ-साडेनऊनंतर लांबच्या पक्ष्यांच्या मागे लागू नका. तापलेल्या हवेच्या थरथरीने कितीही महाग लेन्सचा फोटो धूसरच येतो. तुमच्या धूसर फोटोंपैकी काही याच कारणाचे असू शकतात. त्यांची वेळ तपासून बघा.

घरच्या कार्यासाठी १००-४०० निरुपयोगी आहे. डी५६०० चा संच विकून येणाऱ्या पैशांत आर१० सोबतची १८-४५ आणि आरएफ ५० मिमी एफ/१.८ बसवा. स्टेजवरच्या मुलांना ५० मिमी एफ/२ वर पुरेसा उजेड मिळतो. हॉलमध्ये एलईडी दिवे असतील तर इलेक्ट्रॉनिक शटर बंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि फोटोवर आडवे पट्टे उमटतात. मेकॅनिकल शटर, अँटी-फ्लिकर चालू आणि जमेल तिथे १/१०० ठेवा. खेळात-नाचात १/२५० लागेलच, तेव्हा अँटी-फ्लिकरवर विसंबा.

निकॉन कधी घ्यावा? येत्या वर्ष-दोन वर्षांत १८०-६०० किंवा टॅमरॉनची झेड माउंटची १५०-५०० घ्यायचं तुमच्या मनात पक्कं असेल, तर आजच झेड५०-टू आणि एफटीझेड-टू घ्या आणि तोवर जुन्या ७०-३०० वर भागवा. डी५६०० ची बॅटरी त्यात चालणार नाही. कॅननमध्ये १००-४०० च्या पुढची पायरी थेट महाग किंवा जड होते : आरएफ २००-८०० दोन किलोंच्या वर आहे.

प्रश्न : या दोघांच्या भांडणात सोनी अल्फा ६७०० का नाही?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बजेट वाढवता येत असेल तर जरूर बघा. २६ मेगापिक्सेल, बॉडीतच स्टॅबिलायझेशन, पक्ष्यांसाठी वेगळी ओळख आणि या तिघांत सर्वांत दमदार बॅटरी. लेन्सही भरपूर : सोनीची ७०-३५० फक्त ६२५ ग्रॅमची आहे, आणि सिग्माची १००-४०० व टॅमरॉनची १५०-५०० ऑटोफोकससह मिळतात. इतर कंपन्यांच्या लेन्सवर सोनी सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा घालतो, पण ६७०० मुळात ११ च काढतो, त्यामुळे इथे ती आड येत नाही. वरच्या बुलबुलाच्या हिशेबात ७०-३५० वर सुमारे ६२० पिक्सेल मिळतील.

प्रश्न : आम्ही कोकणात राहतो. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते. नवीन कॅमेऱ्यात ही अडचण कमी असते का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही. बुरशी काचेला लागते, कॅमेरा नवा असो की जुना. कापडी बॅगेत लेन्स ठेवू नका, कापड ओल धरून ठेवतं. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात निळी सिलिका जेल आणि दोनशे-तीनशे रुपयांचा हायग्रोमीटर पुरेसा आहे. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, ग्रीस आणि रबर सुकतात. जेल गुलाबी झाली की कढईत मंद आचेवर निळी होईपर्यंत परता, खिडकी उघडी ठेवून, आणि ती कढई स्वयंपाकाला पुन्हा वापरू नका. बाहेरून आल्यावर ओली लेन्स तशीच डब्यात कोंडू नका. आधी पुसा, तासभर पंख्याखाली ठेवा.