लेक तैनातीवर निघाला : कागद, खोका आणि घरचा ग्रुप

अमेरिकन सैन्यातल्या मुलाची किंवा मुलीची परदेशी तैनाती ठरली की घरात आधी चिवड्याचे पोहे येतात. येऊ द्यात, पण त्याआधी डीडी फॉर्म ९३ भरलाय का ते विचारा. काही बरंवाईट झालं तर कोणाला आणि कुठे कळवायचं, ते त्यात असतं. मृत्यूची बातमी गणवेशातली माणसं दारात येऊन सांगतात; आणि आपल्यातले बरेच आईबाबा हिवाळ्यात दोन महिने भारतात असतात. तिकीट काढाल त्याच दिवशी मुलाला त्यात तिथला पत्ता आणि फोन घालायला सांगा.

पार्सलवर नाव, युनिट आणि बॉक्स नंबर, मग एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय (नौदलाला एफपीओ), एई किंवा एपी ही विभागाची खूण आणि झिप कोड, एवढंच. तळाचं किंवा देशाचं नाव लिहू नका, नाहीतर खोका त्या देशाच्या नागरी टपालात भरकटतो. दर देशांतर्गत लागतो, तरी बहुतेक पार्सलांना कस्टम्स फॉर्म लागतोच. त्यावर नुसतं ‘स्नॅक्स’ लिहून भागत नाही, प्रत्येक जिन्नस आणि त्याची किंमत लिहा. मोठा फ्लॅट रेट खोका एपीओसाठी सवलतीत मिळतो आणि ७० पौंडांपर्यंत वजनाने दर बदलत नाही.

फराळात हौस आवरा. खोका उन्हात तापतो, तेव्हा तुपातले बेसनलाडू बसतात आणि एकच गोळा हाती येतो. चकलीचा चुरा होतो. भाजक्या पोह्यांचा चिवडा टिकतो, पण त्यात खोबऱ्याचे काप नकोत, आधी तेच खवट होतात. चिवडा पूर्ण गार झाल्यावरच पिशवीत भरा. कोमट भरलात तर वाफ धरून सादळतो. शंकरपाळे, खाकरे आणि मेतकूट बिनधास्त पाठवा. दिवाळीचा खोका पाच आठवडे आधी निघाला पाहिजे. काय पाठवायला मनाई आहे ते झिप कोडनुसार बदलतं, ते पोस्टात विचारा. आखाती भागात डुकराचं मांस आणि दारू चालत नाही. गणपतीची एखादी छोटी तसबीर स्वतःपुरती चालते, पोथ्यांचा गठ्ठा नको.

फोनची वेळ ठरवून घेऊ नका. चुकली की तुमची झोप जाते आणि तिकडे त्याला अपराधी वाटतं. युनिटमध्ये कोणी दगावलं किंवा जखमी झालं, तर त्या घरी कळेपर्यंत सगळ्यांचं इंटरनेट आणि फोन बंद ठेवतात. त्यामुळे दोन-चार दिवसांची शांतता म्हणजे तुमचीच वाईट बातमी, असं धरून चालू नका.

माहितीची खरी गळती होते कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. ‘आपला बाळ अमुक तारखेला परत येतोय’ असं आत्या कौतुकाने टाकते आणि तासाभरात ते चार ग्रुपांत पोचतं. तारीख, जागा, युनिट आणि मागे तळ दिसणारे फोटो नातेवाइकांना पाठवूच नका. आजीआजोबांना ‘बरा आहे, जेवतोय’ एवढं पुरतं.

आजी अत्यवस्थ झाली तर मुलाला थेट मेसेज करून रजा मिळत नाही. अमेरिकन रेड क्रॉसला १-८७७-२७२-७३३७ वर फोन करा. मुलाचं पूर्ण नाव, हुद्दा, जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबर आणि युनिट हाताशी असू द्या, सोबत रुग्णालयाचा आणि डॉक्टरांचा नंबर. रेड क्रॉस डॉक्टरांकडून खातरजमा करून कमांडरला कळवतं. रजा द्यायची की नाही ते कमांडर ठरवतो. सहसा अडतं ते इथेच : भारतातले डॉक्टर अनोळखी परदेशी फोनवर रुग्णाबद्दल बोलत नाहीत. म्हणून तिथे हजर असलेल्या काकाला किंवा मावशीला आधीच सांगा, डॉक्टरांना कल्पना द्यायची आणि माहिती देण्याची लेखी परवानगी फाइलला लावून ठेवायची.